ज्याच्या दारात पाणी

पुस्तक हातात पडलं की पंडित मेश्राम आधी आभाराचं पान उघडत. आत काय लिहिलंय ते सावकाश वाचता येतं, लिहिणारा कसा आहे ते मात्र आभारातच कळतं, असं ते आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आले होते. परीक्षितच्या पुस्तकातले आभार चांगले ऐसपैस होते. पैसे देणाऱ्या संस्था होत्या, कैरोची आणि लंडनची ग्रंथालयं होती, बायको होती, बायकोचे आईवडील होते, परीक्षितचा कुत्रा होता. कुत्र्याच्या खाली एक ओळ होती. पिस्कॅटवेचे पंडित काका आणि शोभना काकू, ज्यांच्या घरच्या तर्री-पोह्यांनी माझे रविवार गोड केले.

"काका?" शोभना म्हणाली. ती चष्मा कपाळावर चढवून त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. "याच टेबलावर बसून 'सर, सर' करत होता ना हा? तुम्ही काका कधी झालात?"

"पुस्तकात जरा घरगुती लिहायची पद्धत असते."

"घरगुती! आणि तर्रीने कोणाचे रविवार गोड होतात हो? नाकातोंडातून पाणी यायचं त्याच्या."

पंडित हसले, पण हसू गालापर्यंत पोचलं नाही. कुत्र्याचा मान आपल्याआधी हे त्यांना लागलं होतं आणि ते लागलं याचीही लाज वाटत होती.

हे पुस्तक लैस बिन साद या माणसाबद्दल होतं. बाराशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये होऊन गेलेला हा कायदेपंडित. श्रीमंत इतका की बागा आणि जमिनी मोजता येऊ नयेत, आणि उदार इतका की वर्षअखेर हातात काही उरत नसे. खलिफाने इजिप्तची सुभेदारी देऊ केली, ती याने नाकारली. मदिनेच्या इमाम मालिकांशी त्याची दोस्ती होती आणि वादही होता. मालिक म्हणत, मदिनेत जे चालतं तोच सगळ्यांसाठी दाखला. लैसने त्यांना अतिशय अदबीने एक पत्र लिहिलं, की प्रेषितांचे साथी सगळ्या मुलखांत गेले, तिथेही त्यांनी लोकांना शिकवलं, मग एकाच शहराचं का ऐकायचं? पुढे इमाम शाफींनी म्हटल्याचं सांगतात, की लैस मालिकांहून मोठा होता, पण त्याच्या शिष्यांनी त्याला सांभाळलं नाही. मालिकांचं मत आजही कोट्यवधी लोक पाळतात. लैसच्या मताचा पंथ कुठेच उरला नाही.

पंडितांनी याच माणसासाठी जन्म घालवला. वैनगंगेच्या काठावरच्या बौद्ध वस्तीतला पोरगा, नागपुरात शेजारच्या म्हाताऱ्या मौलवींकडे हौसेने अरबी शिकला आणि त्या अरबीच्या शिडीवरून अमेरिकेत, पिस्कॅटवेपर्यंत, चढून आला. विद्यापीठाने त्यांना दरवर्षी नव्या कराराने ठेवलं आणि कधीच कायम केलं नाही. मराठी मंडळात लोक विचारत, "मेश्राम, तुम्ही मुसलमान झालात की काय?" मशिदीतले लोक अदबीने विचारत, "कधी होताय?" ते दोघांनाही चहा पाजत. ज्याचं बरोबर असूनही ज्याला कोणी विचारलं नाही अशा माणसावर त्यांचा जीव होता, एवढंच खरं कारण होतं आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलं नाही. वर्गांचं ओझं होतं हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे त्यांचा ताठा. जुन्या लोकांची पद्धत त्यांना प्यारी होती. शिष्याने मोठ्याने वाचायचं, गुरूने ऐकायचं, चुकलं तिथे थांबवायचं. मग शेवटी गुरू परवानगी देणार, की हे माझ्या नावाने पुढे सांग. त्या काळी कुठलीही गोष्ट सांगताना आधी नावं येत, हे मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, आणि मग मजकूर. नाव गाळणारा लबाड समजला जाई. नावाचा आणखी एक उपयोग असे, मजकूर खोटा निघाला तर साखळीत कोणाला धरायचं ते कळे.

परीक्षित पुण्याचा, हुशार, गोड बोलणारा. पीएचडीला असताना दर रविवारी घरी येई. तो वाचायचा, पंडित डोळे मिटून ऐकायचे, शोभना पोहे करायची. धडा संपला की पंडित ठरलेलं वाक्य म्हणत, "ऐकलं. आता माझ्याकडून सांग." परीक्षित वाकून नमस्कार करी. पुढे पंडितांचा करार संपला, विषयच बंद झाला. परीक्षितला मात्र मोठ्या ठिकाणी कायमची नोकरी लागली. पंडितांनी तेव्हा पेढे वाटले होते.

आता ते पुस्तक वाचायला बसले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. प्रत्येक मुद्दा त्यांचा होता. मांडणी त्यांची, शंका त्यांच्या, शंकांची उत्तरंही त्यांचीच. आधी त्यांना आनंद झाला, अगदी खरा आनंद, की लैस अखेर छापून आला. मग राग आला. आणि चौथ्या प्रकरणाशी ते आले तेव्हा पहिलीच ओळ त्यांनी दोनदा वाचली.

प्रकरणाच्या माथ्यावर, तिरक्या अक्षरांत, लैस बिन सादच्या नावाने एक वाक्य होतं. ज्याच्या दारात पाणी आलंय, त्यालाच पुराचं विचारा. सगळं प्रकरण त्या वाक्यावर उभं होतं. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरही तेच छापलं होतं.

हे वाक्य लैसचं नव्हतं.

लैसच्या पत्रात पावसाचा मुद्दा आहे. पावसाच्या रात्री दोन नमाज एकत्र करण्याची मदिनेत रीत होती. लैस म्हणतो, उत्तरेच्या शाम मुलखात तर मदिनेहून कितीतरी जास्त पाऊस पडतो, आणि तिथे प्रेषितांच्या कोणाही साथीदाराने असं केलं नाही. पत्रात आहे ते एवढंच. परीक्षितला हे समजावताना पंडितांनी उदाहरण दिलं होतं. समज, नाईलला पूर आलाय, मदिनेत बसून त्याचा नियम कोण करणार? आणि पाठोपाठ ते वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. ते त्यांच्या आईचं होतं. वैनगंगा चढली तेव्हा तालुक्याहून साहेब आला आणि कोरड्या ओट्यावर उभा राहून म्हणाला, खालच्या वस्तीला काही धोका नाही. आई कमरेएवढ्या पाण्यातून पोराला खांद्यावर घेऊन आली होती. ती साहेबाला म्हणाली, "ज्याच्या दारात पानी आलं, त्याले इचार ना बापा पुराचं."

गुरूचं बोलणं मूळ मजकुरात मिसळून जाणं हा या विद्येतला फार जुना रोग. जुन्या लोकांनी त्यावर पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या. पंडितांनी परीक्षितला त्यावर एक अख्खा रविवार शिकवलं होतं. आणि पोरगा नेमका तिथेच घसरला, कारण त्याने मूळ पत्र पुन्हा उघडलंच नाही. गुरूचं ऐकलेलं पुरेसं होतं, फक्त गुरूचं नाव नको होतं.

"फोन करा आणि सांगा त्याला," शोभना म्हणाली.

"शनिवारी पार्सिपनीत मराठी मंडळात त्याचा पुस्तकावर कार्यक्रम आहे ना. तिथे बाजूला घेऊन सांगेन."

"तुम्ही वाट बघताय," ती म्हणाली. "तो स्टेजवरून तुमचं नाव घेईल याची."

पंडितांनी पुस्तक मिटलं. हो, तेवढंच हवं होतं त्यांना. सर्वांसमोर एकदा, हे मी मेश्राम सरांकडून शिकलो. चूक नंतर दोघं मिळून निस्तरली असती, कोणाला कळलंही नसतं.

पार्सिपनीच्या हॉलमध्ये मंडळाने समोसे आणि चहा ठेवला होता. मंडळाच्या अध्यक्ष सुवर्णाताई दारातच सर्वांना बिल्ले लावत होत्या. परीक्षितने दोघांच्या पाया पडून "काका, किती दिवसांनी! काकू, तब्येत कशी आहे?" केलं. पहिली रांग देणगीदारांची होती, म्हणून या दोघांना मागे बसवलं.

भाषण सुरेख झालं. सुरेख होणारच, पंडितांनी ते वर्षानुवर्षं घासूनपुसून केलं होतं. सुभेदारी नाकारल्याची गोष्ट, बागांची गोष्ट, तेच विनोद, विनोदाआधी थांबायची तीच जागा. पंडितांचे ओठ आपोआप हलत होते. शोभनाने त्यांच्या मांडीवर हात ठेवला तेव्हा ते थांबले.

"लैसची ट्रॅजेडी काय?" परीक्षितने शेवटी विचारलं. "त्याचे स्टुडंट्स. Teacher एवढा मोठा, पण त्यांनी त्याचं नाव पुढे नेलं नाही." हॉल हळहळला. परीक्षित पाणी प्यायला. आता, पंडितांना वाटलं, आता बघेल इकडे. परीक्षितने ग्लास खाली ठेवला आणि प्रश्न घ्यायला सुरुवात केली.

एक म्हाताऱ्या बाई उठल्या. मूळच्या कैरोच्या, न्यूयॉर्कला शिकवणाऱ्या, परीक्षितच्या विद्यापीठातर्फे मुद्दाम बोलावलेल्या, शेजारच्या मुलीकडून भाषण समजून घेत बसलेल्या. त्या इंग्रजीत, फार सौम्यपणे म्हणाल्या, की पुस्तक आवडलं, पण पुराचं ते वाक्य त्यांना लैसच्या पत्रात सापडलं नाही. इतर कोणाच्या ग्रंथातही नाही. खाली संदर्भ दिलाय तो पत्राचाच. "तुम्ही हे कोणाकडून घेतलंत?"

परीक्षितचा चेहरा उतरला. पंडितांना त्याची दयाही आली, कारण हा प्रश्न त्यांनीच त्याला हजारदा विचारला होता. त्याने पुस्तकाची पानं उलटली. पुढून मागे, मागून पुढे. मग त्याने मान वर केली आणि तो चक्क हसला.

"Actually," तो म्हणाला, "हे मी माझ्या गुरूंकडून ऐकलं. He's right here. मेश्राम सर, जरा उभे राहता का? हे सगळं मला सरांनी शिकवलं. त्यामुळे त्या quoteची authority सरांची आहे."

सगळ्या माना वळल्या. जे ऐकण्यासाठी पंडित जिवाचा कान करून बसले होते ते त्यांनी ऐकलं, शब्दन् शब्द. ते उभे राहिले. खोटं बोलायचं तर सोपं होतं. एखाद्या हरवलेल्या हस्तलिखिताचं नाव घेतलं असतं तर वेळ निभावली असती आणि शिष्याने पाय धरले असते. पण लैसच्या नावावर खोटं रचायचं असतं तर त्यांनी आयुष्य वेगळं काढलं असतं.

"ते वाक्य लैसचं नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "मी उदाहरण म्हणून बोललो होतो."

"आणि तुम्ही ते कोणाकडून ऐकलंत?" बाईंनी विचारलं. त्या थट्टा करत नव्हत्या, रीतीप्रमाणे साखळी विचारत होत्या.

"माझ्या आईकडून," पंडित म्हणाले.

हॉलमध्ये हशा पिकला. वाईट हशा नव्हता, समोशांनंतरचा खुशीतला हशा होता. "And that's oral tradition for you!" परीक्षित माइकवर म्हणाला आणि हशा दुप्पट झाला. तो सुटला होता. बाई हसल्या नाहीत, पण त्या खाली बसल्या. पंडितांना आईच्या पुराबद्दल सांगायचं होतं, त्या कोरड्या ओट्यावरच्या साहेबाबद्दल सांगायचं होतं, पण तोवर माइक पुढच्या माणसाकडे गेला होता.

गाडीत शोभनाने बिल्ला काढून पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "मी उदाहरण दिलं होतं, हे तुम्ही जोरात सांगायला हवं होतं."

"सांगितलं ना."

"हसण्यावारी गेलं ते. नालायक आहे मेला. बरं होतं ते सगळं त्याचं, आणि चुकीचं निघालं ते तेवढं सरांचं."

पंडितांनी खिडकीची काच वर केली. परीक्षितचा फोन त्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही.

काही महिन्यांनी प्रकाशकाने पुस्तकाची दुरुस्ती आपल्या वेबसाइटवर टाकली. शोभनाला ती सापडली. तिने लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलावर ठेवला, परीक्षितच्या जुन्या खुर्चीत बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. पंडितांनी सवयीने डोळे मिटले. तिच्या इंग्रजीत कुठे थांबवावं लागलं नाही. चौथ्या प्रकरणातलं वाक्य काढून टाकण्यात येत आहे. ते लैस बिन साद यांचं नसून पिस्कॅटवेचे श्री. पी. मेश्राम यांनी खाजगी संभाषणात दिलेल्या चुकीच्या माहितीवर आधारलेलं होतं. वाचकांनी ते ग्राह्य धरू नये. बाकीचं पुस्तक जसंच्या तसं होतं.

"आलं तुमचं नाव," शोभना म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

पंडितांनी डोळे उघडले नाहीत. आईचं वाक्य खोडलं गेलं होतं, आणि त्यांचं नाव छापलं गेलं होतं, एकदाच, आणि कायमचं. लैसला विसरणारे शिष्य मिळाले होते. तो नशीबवान, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"ऐकलं," ते म्हणाले. "आता माझ्याकडून सांग."