योम मालसुनचं लायसन

"पोराने फॉर्म भरला म्हणे. माझ्या नावाचा फॉर्म, आणि मला न विचारता," योम मालसुन सूपमधला मुळा चमच्याने बाजूला सारत म्हणाली. "दोन वाजता पोलीस ठाण्यात चल म्हणतो. म्हाताऱ्यांनी गाडीचं लायसन परत द्यायचं, त्याबदल्यात ते कसलं बसचं कार्ड भेट मिळतं ते घ्यायचं, आणि घरी येऊन टीव्ही बघत मरायचं. एवढा शिकला, पण सवय काही गेली नाही. शाळेत शेजारच्या मुलाचं उत्तर लिहून द्यायचा. आता आईचं लिहितो."

समोर ग्विओक सुक्या माशांचे काटे काढत बसली होती. घाटाच्या पायथ्याशी तिची खाणावळ. तीस वर्षं दोघींचा सकाळचा चहा नि भांडण एकाच टेबलावर.

"चांगहोचं चुकलंच," ग्विओक म्हणाली. "पण गेल्या हिवाळ्यात माझ्या सोयाबीन मुरत घातलेल्या रांजणांवर तू मागे मागे गाडी घातलीस, ते काय मी फोडले?"

"दोनच फुटले."

"तीन."

"तिसरा आधीच चिरलेला होता."

"मी ओरडत होते. तुला ऐकू नाही गेलं."

मालसुनने वाटी तोंडाला लावली. डावा कान दोन वर्षांपासून अधू झाला होता. हे ग्विओकला माहीत होतं, चांगहोला माहीत होतं, आणि मालसुनने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मालसुन म्हणजे शेवटची मुलगी. चौथी पोर झाल्यावर बापाने वैतागून ठेवलेलं नाव. आता तरी पुरे, एवढाच त्याचा अर्थ. दुसरीत शाळा सुटली. लग्न झालं ते टोइंगची गाडी चालवणाऱ्या ब्योनशी. एका बर्फाळ सकाळी गाडीवरून पडून ब्योनची कंबर कायमची गेली, आणि बायको लायसन काढायला उभी राहिली. एक्केचाळीस वर्षांची बाई, अक्षरं धड येत नाहीत. लेखी परीक्षेत दहा वेळा नापास झाली. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून अकराव्यांदा पास झाली. नंतर टोइंगच्या गाडीचं वेगळं लायसन काढलं. परीक्षा घेणारा म्हणाला होता, बाई, हे कशाला? ती म्हणाली होती, घाटात गाड्या बाई-बाप्या बघून बंद पडत नाहीत. नवरा गेला, गाडी दोनदा बदलली, ती त्र्याहत्तरची झाली. स्वतः कमावलेला, नावाचा, फोटोचा असा एकच कागद तिच्यापाशी होता. तो आज दोन वाजता परत करायचा होता.

फोन वाजला. इन्शुरन्स कंपनीच्या मदत केंद्रातली पोरगी होती; अडकलेल्या गाड्यांची कामं तिच्याकडूनच यायची.

"आजी, दुमिल घाटात गाडी अडकलीय. सातव्या वळणावर. पांढरी, डिझेलची. पिकअप गेलाय, चाळीसच्या वर जात नाही, फिल्टरचा दिवा लागलाय. नाव ब्योन चांगहो."

मालसुनने वाटी खाली ठेवली.

"काय म्हणालीस?"

पोरीने नाव पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने.

"ऐकलं गं. ऐकू येतं मला," मालसुन म्हणाली, आणि ग्विओककडे बघून उठली. "आईला फोन नाही केला. इन्शुरन्सला केला."

"तूच जवळची म्हणून तुलाच आला," ग्विओक हसत म्हणाली. "आता हळू जा."

"मी कधी पळत गेले?"

ऑक्टोबरचं लख्ख ऊन होतं. उतारावर मासे वाळवायच्या रिकाम्या मांडवांच्या नुसत्या बल्ल्या उभ्या होत्या; मासे टांगायला अजून दोन महिने होते. सातव्या वळणावर पांढरी गाडी कठड्याला चिकटून उभी होती, आणि तिच्या मागे सूटबूट घालून चांगहो. आईची पिवळी गाडी बघून त्याने डोळे मिटले.

"दुसरं कुणी नव्हतं का?" तो म्हणाला.

"होतं ना. पलीकडच्या गावचा आहे एक. दीड तासाने आला असता. थांबायचंय?"

तिने आपली गाडी आडवी लावली, दिवे फिरते ठेवले, खालच्या वळणावर तिकोनी पाटी ठेवून आली.

"दिवा कधीपासून?"

"तीन आठवडे. गॅरेजवाल्याने सांगितलं, फिल्टर पार तुंबलाय, नवाच टाकावा लागेल. मी म्हटलं, आजचं काम उरकू आणि मग—"

"आजचं काम म्हणजे मी."

"आई."

"रोज किती चालवतोस?"

"घर ते मेट्रो स्टेशन. अडीच किलोमीटर."

"मग तुंबणारच. डिझेलच्या गाडीला लांब पळवावं लागतं, तेव्हा कुठे पोटातली काजळी जळते. तू तिला अंगणात फिरवून आणतोस आणि झोपवतोस." मालसुनलाही आधी तेच वाटलं. या घाटात महिन्याकाठी अशा पाच-सहा गाड्या ती उचलायची. सगळ्या शहरातल्या, सगळ्या स्टेशनापर्यंत जाणाऱ्या. तिने हूक काढायला हात घातला, आणि थांबली.

"चालू कर."

तिने सायलेन्सरच्या मागे उकिडवं बसून तळहात धरला. नळीत बोट फिरवून बघितलं. पुन्हा तळहात धरला.

"काय झालं?" चांगहोने विचारलं.

"नाक चोंदलेल्या माणसाला असा श्वास येत नाही. हा तर मोकळा येतोय."

"मशीनने सांगितलंय आई, फिल्टर म्हणून. तू तळहात धरून—"

"मशीन माझ्याकडेही आहे."

तिने आपल्या गाडीतून डबी आणली, स्टिअरिंगखाली लावली. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं तिला कधीच वाचता आली नाहीत. शेवटचे आकडे ती बघायची. त्रेसष्ट आले की फिल्टरची जाळी काजळीने भरलेली. त्रेपन्न आले की जाळी ठीक, तिची नाडी बघणारा वैद्य, म्हणजे सेन्सर, मात्र आजारी. पडद्यावर त्रेपन्न होते.

"तुझ्या गॅरेजवाल्याने दिवा बघितला, आकडा नाही बघितला," ती म्हणाली. "बॉनेट उघड."

"आई, तू आपलं टोचन करून खाली घे. तिथे कुणीतरी—"

"बॉनेट."

इंजिनाच्या मागच्या अंगाला जाळीकडून सेन्सरकडे दोन बारीक रबरी नळ्या जातात. त्यातल्या एकीला पांढऱ्या दोऱ्याची अख्खी लड करकचून आवळलेली होती, आणि लडीच्या टोकाला, डोकं खाली करून, हातभर लांबीचा सुका मासा लटकत होता. उष्णतेने भाजून तपकिरी झालेला. नळी दोऱ्याखाली चपटी होऊन गेली होती.

हा मासा तिने ओळखला. तीन वर्षांपूर्वी चांगहोने गाडी घेतली तेव्हा डुकराचं डोकं मांडून, चाकांवर मद्य ओतून तिने पूजा केली होती. ग्विओकच्या मांडवातला सगळ्यांत भरलेला मासा निवडून, लड गुंडाळून, गाडीच्या डिकीत स्वतःच्या हाताने ठेवला होता. अपघात टळावा म्हणून.

"हा इथे कुणी बांधला?"

चांगहो टायचं टोक चाळवत राहिला.

"डिकीत वास यायचा," तो शेवटी म्हणाला. "तुझी सून म्हणाली, टाकून दे. मागच्या महिन्यात कचऱ्यापर्यंत घेऊन गेलो होतो."

"मग?"

"टाकवेना. तू ठेवला होतास."

मालसुन वळली आणि हत्यारांच्या पेटीत पकड शोधायला लागली. पकड वरच होती. तरी ती जरा वेळ शोधत राहिली.

"म्हणून नळीला बांधलास," ती पाठमोरीच म्हणाली.

"तीच जागा हाताला लागली. नळी कसली ते काय माहीत."

"विचारायचं."

"कुणाला?"

"आईला. तीस वर्षं बॉनेटाखाली डोकं घालून उभी आहे ती."

तिने चाकूने लड कापली, मासा कठड्यावर ठेवला, नळीचा चपटा झालेला तुकडा छाटला आणि उरलेलं टोक पुन्हा चढवून चिमट्याने आवळलं. हाताला भाजलं तेव्हा एक शिवी हासडली, बोट तोंडात घातलं आणि काम पुरं केलं. डबीतून आकडा पुसला. मग ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली.

"तू कुठे निघालीस?" चांगहोने विचारलं.

"दुरुस्त झाली की नाही बघायला. ये, बस."

"मी चालवतो."

"तू चालवूनच आणलीस इथवर. बस."

तो शेजारी बसला. तिथे नसलेला ब्रेक त्याचा पाय दाबत होता, ते तिला दिसत होतं. दुसऱ्या गिअरवर गाडी चढायला लागली. आठव्या वळणावर इंजिनाने जोर घेतला. नवव्यावर काटा चाळीस ओलांडून साठाकडे गेला. दिवा लागला नाही. वरून लाकडाचा ट्रक उतरत होता. तिने त्याला आधीच हेरलं, कडेला दबली, ट्रकवाल्याने हात केला, तिने केला. चांगहोचा पाय हळूहळू सैल पडला.

घाटमाथ्यावर तिने गाडी थांबवली. खाली सातव्या वळणावर तिच्या गाडीचा पिवळा दिवा उन्हातही फिरताना दिसत होता. चांगहोने घड्याळ बघितलं. साडेबारा वाजत होते.

"गाडी छान झाली," तो म्हणाला. मग खिडकीकडे बघत, "पण कानाचं काय, आई? मला रोज भीती वाटते. फोन वाजला की वाटतं, घाटातूनच आला."

"कान गेलाय," मालसुन म्हणाली.

तिच्या तोंडून हे त्याने पहिल्यांदा ऐकलं. तो वळून बघायला लागला.

"डावा. पार गेलाय. म्हणून उलटी गाडी घेताना मी आता दर वेळी खाली उतरून मागे बघून येते. आणि गेल्या महिन्यापासून धुकं असलं की घाट चढत नाही. फोन आला तर पलीकडच्या गावच्याला देते. हे मला ना पोलिसाने सांगितलं, ना तू. माझं मीच मला सांगितलं. घाट चढलेली गाडी उतरते तशी मीही उतरणार आहे कधीतरी, एवढं कळतं मला."

"मग आजच दिलंस तर—"

"ऐक आता." तिने चावी फिरवली नाही, स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "तू वाईट नाहीस, चांगहो. तुझा जीव आहे, ते दिसलं मला आज. पण तू विचारत नाहीस. दिसेल त्या नळीला गाठ मारतोस, आणि पलीकडच्याचा श्वास अडला की म्हणतोस, तुंबलंय, बदलून टाका. ज्या दिवशी हे वळण मला नीट घेता येणार नाही, त्या दिवशी मी माझ्या पायांनी ठाण्यात जाईन आणि सही मी करीन. तू सोबत ये, बाहेर बाकावर बस. आज मात्र ठाण्यात फोन कर, आणि सांग त्यांना, आई येत नाही. आई कामावर आहे."