टिटवीचा मंगळवार

टिटवीच्या एका अंड्यावर मोहरीएवढा तडा होता आणि तो वाढत होता. गोणपाटाच्या आडोशात प्रमिला पगारेने कॅमेऱ्याला चावी दिली. ती नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि रविवारी नांदूरमध्यमेश्वरला पाखरांची फिल्म काढायची. टिटवीने मात्र मंगळवार निवडला, म्हणून प्रमिलाने कॉलेजला ताप कळवला. नोकरी सोडून फिल्मच करायच्या, हे सहा वर्षं नुसतं मनात घोळत होतं.

तेवढ्यात बांधावरून छत्री आली, छत्रीखाली प्राचार्य! भर कामाच्या दिवशी साहेबही पाखरं बघायला निघाले होते.

"आत कोण आहे?" त्यांनी आडोशाजवळ खुरपणाऱ्या शेतमालकीण कुसाबाईला विचारलं. तिला तापाची थाप ठाऊक होती.

"माझी नणंद हाय. मुकी हाय बिचारी, लय लाजती."

टिटवी डोक्यावर कर्कश ओरडू लागली. "ही का ओरडतेय?" म्हणत प्राचार्य पुढे सरकले. बूट अंड्यांपासून वीतभर अंतरावर आला. तड्यातून इवलीशी चोच दिसली.

"सर, मागे व्हा! पायाशी अंडी आहेत!" प्रमिला आडोशातून ओरडली.

प्राचार्य दचकून मागे सरले. "पगारेबाई? तुम्हाला तर ताप आहे ना?"

"बघा साहेब, तुमच्या पायगुणानं मुकीला वाचा फुटली," कुसाबाई म्हणाली.

प्रमिलाने कॅमेऱ्याला पुन्हा डोळा लावला. "ताप उतरला, सर. पण मी कॉलेजात परत येणार नाही. मी फिल्मच करणार आहे."