पुढचा खांदा

लीलाधर पाटलांचा उजवा खांदा भरितात गेला.

नशिराबादजवळच्या एका मळ्यात मार्गशीर्षातली भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचायचं काम निवृत्त मुख्याध्यापकाने करू नये, असा काही नियम नाही. लीलाधररावांनी मुसळ हाती घेतलं, वर उचललं आणि खांद्यात काहीतरी कट्‌ वाजलं. भरीत उत्तम झालं होतं. त्यांनी ते डाव्या हाताने खाल्लं.

मग तीन-चार महिने खांदेदुखीवर जळगावात जे जे होतं ते सगळं झालं. शेक झाला, तेल झालं, यावलच्या एका बाबाची मालिशही झाली. हात मात्र कानापर्यंत जाईना. भांग बायको पाडायची. दिपमालाबाईंना तो नेहमी मधोमध पाडायची सवय होती, त्यामुळे मुख्याध्यापक आठवीतल्या मुलासारखे दिसू लागले. शेवटी ते डॉक्टर रूही शेख यांच्याकडे गेले. खांद्याच्या ऑपरेशनांत बाईंचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

बाईंनी एमआरआय उजेडात धरला. "सर, खांदा म्हणजे उथळ बशीत ठेवलेलं लिंबू. ते घरंगळू नये म्हणून भोवती स्नायूंचे दोर असतात. तुमचा एक दोर हाडापासून सुटलाय."

"मग?"

"तुम्हाला खांद्याकडून काय हवंय, त्यावर आहे. भांग पाडायचाय, शर्ट घालायचाय, तर व्यायाम आणि गरज पडली तर एखादं इंजेक्शन. बऱ्याच जणांचं त्यावर भागतं. जोर हवा असेल, तर दुर्बिणीतून ऑपरेशन करून दोर हाडाला परत शिवायचा. दोर फारच जुना तुटलेला असता, स्नायू सुकला असता, तर सांधाच बदलावा लागला असता. तुमच्यावर ती वेळ नाही."

"मला एक माणूस उचलायचाय."

बाईंनी चष्मा काढला. "केवढा?"

"सहा फूट. पण चौघांत."

"कधी?"

"ते त्याच्यावर आहे," लीलाधरराव म्हणाले.

हा माणूस म्हणजे भटू, त्यांचा चुलतभाऊ, मुक्काम धुळे. लीलाधररावांचे वडील, आबा, गेले तेव्हा मोठ्या भावाने मडकं धरलं आणि तिरडीचा पुढचा उजवा खांदा धाकट्या मुलाला, म्हणजे लीलाधरला मिळाला. गावच्या चौकापर्यंत सगळं नीट झालं. चौकात, लीलाधरच्या सासरची सगळी माणसं ओट्यावर उभी असताना, भटूने मागून खांद्यावर हात ठेवला. "लीलू, सरक. तू बुटका शे. तिरडी कलंडी ऱ्हायनी, आबा पडी जाई." आणि त्याला बाजूला सारून स्वतः खांदा दिला. कोणीतरी लीलाधरच्या हातात मुरमुऱ्यांची पिशवी दिली. आपल्या बापाच्या मागून मुरमुरे उधळत तो स्मशानात गेला, आणि ओट्यावरचा मेहुणा तोंडाला रुमाल लावून खोकत राहिला. पुढे प्रत्येक लग्नात, जेवणं झाली की भटू ती गोष्ट सांगायचा. दरवेळी लीलाधर थोडा आणखी बुटका व्हायचा.

आबांना अग्नी दिल्यावर नदीवर अंघोळ करताना त्यांनी मनाशी ठरवलं होतं: भटूच्या तिरडीला पुढचा खांदा आपला. तिरडी कलंडली तर कलंडू दे. सगळ्या धुळ्यातून ती कलंडलेलीच नेऊ.

"ऑपरेशननंतर सहा आठवडे हात झोळीत," बाई म्हणाल्या. "मग व्यायाम. खरं ओझं सहा महिन्यांनी, दसऱ्याच्या सुमारास. तोवर कुणालाही उचलायचं नाही."

ऑपरेशन छान झालं. अडचण दुसरीच निघाली. शुद्धीवर आल्यावर पहिली बातमी दिपमालाबाईंनी दिली, ती भटूभाऊजींची. हृदय नीट पंप करत नाही म्हणे, आणि माणूस गोळ्या घेत नाही. बायको केव्हाच गेलेली, मुलगा सुरतेला, आणि ताटात दोन वेळा लोणचं.

लीलाधररावांनी डाव्या हाताच्या बोटांवर महिने मोजले. दसऱ्याआधी भटू मरून चालणार नव्हतं.

झोळीतला हात घेऊन ते एसटीने धुळ्याला गेले. देवपुरातला तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना असा अरुंद की भेटायला जाताना पोट आत घ्यावं. भटूने दार उघडलं.

"तू कसाले उना?"

"तुला बघायला."

"मी मरेल नही अजून."

"तेच बघायला आलो."

त्यांनी स्वयंपाकघरातून लोणच्याची बरणी उचलली, पापडांचा डबा उचलला, बिड्यांचं बंडल खिडकीतून टाकलं. डॉक्टरकडे नेलं. रोज सकाळी व्हिडिओ कॉल: "गोळी घेतली का? माझ्यासमोर घे. तोंड उघड, दाखव." दिपमालाबाईंना भरून आलं. इतकी वर्षं अबोला धरलेल्या भावाची ही माया! त्यांनी नातेवाइकांत सांगितलं, आणि सगळ्यांनी लीलाधररावांना देवमाणूस ठरवलं. इकडे दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून ते खांद्याचा व्यायाम करत, तिकडे भटूच्या पायांची सूज उतरत होती. दोघेही झपाट्याने सुधारत होते.

श्रावणात भटूने विचारलंच. "लीलू, खरं सांग. मना साठे इतलं कसाले करी ऱ्हायना?"

लीलाधररावांनी सांगितलं. चौक, सासर, मुरमुरे, दुर्बीण, दसरा. सूड घ्यायचा तर समोरच्याला माहीत असायला हवा, या मताचे ते होते.

भटू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग एकदम गप्प झाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. तो गप्प बसलेला लीलाधररावांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्यांना ते आवडलं नाही.

दसऱ्याला ते सोनं द्यायला गेले. डॉक्टरबाईंनी ओझं उचलायची परवानगी आदल्याच आठवड्यात दिली होती. आपट्याची पानं त्यांनी मुद्दाम उजव्या हाताने, कानाच्याही वर नेऊन भटूच्या हातात ठेवली.

"वा," भटू म्हणाला. "खांदा तयार व्हई गया."

"झाला."

"वाया गया रे." भटू पलंगावर आरामात टेकला. "मी देहदान करी टाकं. पोऱ्यानी सही व्हई गयी. कॉलेजनी गाडी ई, पोरं मले फाडीसन शिकतीन. तिरडी नही, चौक नही. मुरमुरे बी नही."

खाली रस्त्यावर कोणीतरी फटाका लावला. लीलाधरराव उठले, दार उघडून जिन्याकडे बघून आले आणि पुन्हा बसले.

"गाडी वर येणार नाही, भटू."

"मंग?"

"तिसऱ्या मजल्यावरून तुला स्ट्रेचरवर खाली न्यावं लागेल. या जिन्यात चौघं मावत नाहीत. दोघंच. एक खाली, एक वर, डोक्याकडे." त्यांनी खांदा सावकाश गोल फिरवला. अजिबात कट्‌ वाजलं नाही. "खालचा उंच लागतो आणि वरचा बुटका, नाहीतर स्ट्रेचर कलंडतं. तुझा मुलगा तुझ्यासारखाच उंच आहे, तो खाली धरेल. डोकं माझ्याकडे."

भटूने त्यांच्या खांद्याकडे एकदा बघितलं. मग त्याने स्वतःहून, कोणी न सांगता, उशाचा गोळ्यांचा डबा ओढला.

"पाणी दे," तो म्हणाला. "सकाळनी ऱ्हाई गयी."