कवळीवाल्यांचा कच्चा आवाज

कुटुंबसंस्था आजवर टिकली ती दोन महान शोधांमुळे: एक दार आणि दुसरा हेडफोन. हा सिद्धांत कवळीवाल्यांच्या बायकोचा. त्यातल्या दाराबद्दल त्यांना हल्ली शंका येऊ लागली होती, कारण दार लावूनही नवऱ्याच्या पायाचा ठेका स्वयंपाकघरातल्या बरण्यांपर्यंत पोचत होता.

"अहो, पाय तेवढा आवरा," त्या दाराबाहेरून म्हणाल्या. "खालच्यांनी विचारलं तर काय सांगू?"

आत काही ऐकू गेलं नाही. कवळीवाले त्या वेळी हजारो लोकांपुढे वाजवत होते.

म्हणजे पलंगाच्या कडेवर बनियन घालून बसले होते. मांडीवर इलेक्ट्रिक गिटार, तिची वायर एका छोट्या डबीत, डबीची लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एका दांडग्या अॅम्प्लिफायरचं चित्र. नुसतं चित्र. पण त्याची बटणं माउसनं फिरवली की हेडफोनमध्ये गडगडाट होई. चित्रकारानं इमानदारीनं अॅम्पवर थोडी धूळसुद्धा काढली होती. कवळीवाल्यांनी पहिल्या दिवशी ती बनियनच्या टोकानं पुसून पाहिली होती.

बाहेर यातलं काहीच येत नसे. घरच्यांना ऐकू येई ते तारांचं बारीक टिंगटिंग आणि त्यावर कवळीवाल्यांचं हुंकारणं.

"दाढ दुखणाऱ्या माणसाला कुणीतरी रबरबँडनं मारतंय असं वाटतं," बायको म्हणाल्या.

"आई, आत फार मोठं चाललंय," सून म्हणाली. सॉफ्टवेअर तिनंच घालून दिलेलं असल्यामुळे तिला बाजू घेणं भाग होतं.

कवळीवाल्यांचा धंदा नावाप्रमाणेच. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि हे प्लास्टरच्या साच्यावरून कवळ्या घडवायचे. तरुणपणी मात्र चौघांचा बँड होता, आणि कपाटाएवढा खरा अॅम्प होता. मग लग्न झालं, फ्लॅट झाला. अॅम्प कुणी तरी उचलून नेला आणि गिटार माळ्यावर गेली. ती खाली आली ती गेल्या आठवड्यात, बँडमधल्या गाणाऱ्याच्या फोनमुळे. त्याला सगळे बुलबुल म्हणत. हे नाव वजन वाढायच्या आधीचं.

"आपलं ते गाणं शेवटी रेकॉर्ड करतोय," बुलबुल म्हणाला होता. "ज्यानं त्यानं घरूनच वाजवून पाठवायचं. तुझं रविवारपर्यंत हवं."

"अरे, साचे तासून तासून अंगठा वाकडा झालाय माझा."

"मग राहू दे. कॉम्प्युटरची गिटार लावतो. ती वेळेवर येते आणि चहा मागत नाही."

हे कवळीवाल्यांना लागलं. खरा दात शाबूत असताना कुणी त्या जागी कवळी बसवायला निघावं, तसं. त्यांनी त्याच संध्याकाळी माळ्याला शिडी लावली.

वाजवायला घेतलं आणि खोट कळली. प्रत्येक चौथा ठोका केसभर उशिरा पडत होता. अंगठ्याचं काम, दुसरं काय. मग त्यांनी धंद्यातला उपाय केला: पॉलिश. सॉफ्टवेअरमध्ये चित्रातले पेडल होते. एकानं आवाज भरभरून फाटे, एकानं तोच सूर चारदा परत येई, एकानं सगळं पाण्याखाली जाई. कवळीवाल्यांनी एकामागून एक सगळे लावले. आवाज कुठल्या जागेत घुमवायचा याचीही सोय होती: तळघर, सभागृह, गुहा. त्यांनी गुहा घेतली. गुहेत कोण वेळेवर आलं आणि कोण उशिरा, कुणाला कळतंय?

रविवारी दुपारी ते घामाघूम होऊन स्वयंपाकघरात आले.

"पाठवलं," म्हणाले. "असं वाजलंय की छप्पर उडेल."

"बघू, लावते," म्हणून सुनेनं पाठवलेली फाइल स्पीकरवर लावली.

टिंग. टिंगटिंग. टिंग.

"बाबा, तुम्ही नक्की कुठली फाइल पाठवलीत?"

"फोल्डरमध्ये होती ती."

"ती कच्ची असते हो. ते तारेचा आवाज जसाच्या तसा साठवतं. अॅम्प, पेडल, गुहा, हे सगळं ऐकवताना वरून चढवतं. ते चढवलेलं पाठवायचं तर वेगळी फाइल काढावी लागते."

"म्हणजे मी पाठवलं त्यात काहीच नाही?"

"तुम्ही आहात की."

कवळीवाले हळूच खुर्चीत बसले. "म्हणजे भरल्या सभेत मी कवळी काढून जाऊन आलो."

"परत मागवा," बायको म्हणाल्या.

"ऐकलंय त्यांनी," सून सासऱ्यांचा फोन बघत म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला. बुलबुलच होता. बायकोनं तो स्पीकरवर टाकला. नवऱ्याला बोलणी बसणार असतील तर ती घरच्यांनीही ऐकावीत, असं त्यांचं मत होतं.

"काय रे, काय पाठवलंयस हे?"

"चुकून गेलं. दुसरं पाठवतो. जरा पॉलिश..."

"हात लावू नकोस. आधी वाटलं, डब्याला दोरा बांधून वाजवतोयस. मग कळलं, कच्चं दिलंयस. बरं केलंस. अॅम्प आम्हीच इकडे चढवला. तिघांनी तीन चढवले, त्यावरून भांडणं झाली ते सोड. पण तुझा तो चौथा ठोका."

कवळीवाल्यांनी अंगठा मुठीत लपवला.

"उशिरा येतो," बुलबुल म्हणाला.

"माहितीय."

"लेका, पहिल्यापासून उशिरा येतो. तिथंच मी श्वास घ्यायचो. कॉम्प्युटरच्या गिटारवर गाऊन बघितलं, तर मेलो असतो. दम घ्यायला फटच नाही. आता बसलं. ऐक."

फोनमधून आधी ड्रम आले आणि मग गिटार आली. टिंगटिंग नव्हे, रुंद, खरखरीत, खिदळणारी, आणि दर चौथ्या ठोक्याला जरा रेंगाळणारी. सून स्वयंपाकघरातच नाचू लागली. कवळीवाल्यांनी अंगठा मुठीतून बाहेर काढला आणि उलटसुलट करून पाहिला. त्याच्यावर उगाच आळ घेतला होता.

"हे तुम्ही?" बायकोनं विचारलं.

"मीच."

बायकोनं फोनचं आवाजाचं बटण दाबलं. वाढवायचं. ते टोकाला पोचलं तरी त्या दाबतच राहिल्या.

गाणं संपलं.

"अरे, पण यात तुझा आवाज कुठाय?" कवळीवाल्यांनी विचारलं.

बुलबुल दबक्या सुरात म्हणाला, "तू स्पीकरवर नाहीस ना?"

"नाही," बायको म्हणाल्या.

बुलबुलनं सुस्कारा टाकला. "नमस्कार, वहिनी." मग घसा खाकरून म्हणाला, "तर, राहिलोय तो मीच. वरची कवळी सैल झालीय रे. सूर लावला की शिट्टी वाजते. उद्या सकाळी आलो तर घट्ट करून देशील?"