मनकवड्याने ओळखलेला शब्द

सभागृहाच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं बसली होती. प्राध्यापक, लेखनिक, ग्रंथालयातले, प्रयोगशाळेतले, झाडून सगळे. एरवी आमच्या विद्यापीठात कुलगुरूंचं भाषण असलं की परिपत्रक काढून खाली 'उपस्थिती अनिवार्य' असं छापावं लागतं. त्या दिवशी पुढच्या खुर्च्यांसाठी विभागप्रमुखांची चक्क ढकलाढकली चालली होती.

व्यासपीठावर पांढऱ्या कोटातला एक गृहस्थ डोळे मिटून बसला होता. केस मानेपर्यंत रुळणारे, कान पार झाकलेले. लोक त्याला मनकवडे सर म्हणत. बाजूच्या टेबलाशी त्याचा शिष्य लॅपटॉप उघडून बसला होता आणि माईकवरून एकेकाला पुकारत होता.

"पदार्थविज्ञान विभागप्रमुख!"

विभागप्रमुख वर गेले. मनकवड्याने त्यांचा तळहात आपल्या हातात घेतला.

"रोज सकाळी संगणकाला तुम्ही एक गुप्त शब्द देता. बायकोलाही कधी न सांगितलेला. दिसतोय मला... धूसर आहे, थांबा... भावी... भावी कुलगुरू!"

पहिल्या रांगेतल्या विद्यमान कुलगुरूंनी मान वर केली. विभागप्रमुखांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"बरोबर आहे," ते पुटपुटले, आणि सभागृह हसण्याने आणि टाळ्यांनी दणाणून गेलं.

"शब्दापुढचे आकडे मी उच्चारणार नाही," मनकवडा म्हणाला. "ते तुमचे तुम्हाला लखलाभ. मन म्हणजे तिजोरी. मी फक्त दार किलकिलं करतो, आत हात घालत नाही. आणि ऐका, जो शब्द माझ्या तोंडून गेला त्याला कवच मिळालं. आता कोणी चोर तो फोडू शकणार नाही. तो शब्द बदलू नका. बदललात, की कवच गळालं!"

माईकच्या जोडण्या बघायला मी कामगारांच्या दाराने आत आलो होतो आणि मागे भिंतीला टेकून उभा होतो. मी या विद्यापीठाच्या संगणक केंद्राचा प्रमुख. वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच सूचना पाठवत आलोय: घरच्यांची नावं, जन्मतारखा पासवर्डात घालू नका, एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरू नका, कोणाला कळला असं वाटलं तर लगेच बदला. ती सूचना कोणी वाचत नाही. आणि इथे एक मनुष्य नेमकं उलट सांगत होता, तर लोक माना डोलावत होते.

मला हसू येत होतं. मग शिष्याने पुकारलं, "परीक्षा विभाग, वरिष्ठ लेखनिक!" आणि माझं हसू विरलं. ती माझी सख्खी थोरली बहीण. माझी ताई.

ताई पदर सावरत वर गेली. मनकवड्याने तिचा हात धरला. मग जरा बुचकळ्यात पडल्यासारखा म्हणाला, "टीपकागद?"

ताईने दुसऱ्या हाताने तोंड दाबलं.

तिची मुलगी शाळेत जाण्याआधीच तापाने गेली. कागदाने शाई टिपावी तसा ऐकलेला प्रत्येक शब्द ती टिपून घ्यायची आणि भलत्या वेळी बोलून दाखवायची, म्हणून ताई तिला टीपकागद म्हणायची. फक्त ताईच. मला ते ठाऊक होतं, कारण मी मामा. बाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं.

मनकवड्याला टीपकागद म्हणजे काय याचा पत्ता नव्हता, पण समोरचा चेहरा वाचण्यात तो पटाईत होता.

"कोणीतरी फार जवळचं..." तो हळूच म्हणाला.

"माझी मुलगी," ताई म्हणाली.

"मुलगी. हो. लहान दिसतेय."

"पाच वर्षांची होती हो!"

"होती कसं म्हणता, ताई? ती आहे. इथेच उभी आहे. आई रोज मला हाक मारते, असं सांगतेय."

ताई खाली कोसळलीच. दोघीतिघींनी तिला धरून खुर्चीत बसवलं. सभागृहात हुंदके ऐकू येऊ लागले. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. सगळं तिनेच त्याच्या पदरात घातलं होतं, मुलगी, वय, गेल्याचं दुःख, हे मला नंतर सुचलं. तिथे उभा असताना नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. मेव्हणे दुसऱ्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून नुसतेच चित्रांकडे बघत बसले होते. ताईचा चेहरा मात्र असा काही उजळला होता, की गेल्या कित्येक वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"ताई, तो पासवर्ड आजच्या आज बदल."

"नाही बदलणार. त्यांनी बजावलंय."

"अगं, तुझ्या खात्यातून गुण भरले जातात. उद्या कोणी..."

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली. "सकाळी खुर्चीत बसले की मी आधी तिचं नाव टाइप करते. मग कामाला लागते. तिला दिवसातून हाक मारायची दुसरी जागा नाही रे मला. यांच्यासमोर नाव काढलं तर हे उठून जातात. तुझ्या त्या सूचना मी वाचते बरं का, सगळ्या वाचते. पण पोटच्या पोरीचं नाव असं दर काही महिन्यांनी बदलतं का कोणी?"

मी एवढंच विचारलं, "कार्यक्रमाला येण्याआधी काय काय केलंत तुम्ही सगळ्यांनी?"

"काय करायचंय? नोंदणी. तिच्याशिवाय आत सोडत नव्हते."

घरी येऊन मी ती नोंदणी उघडली. मनकवड्याच्या वेबसाइटचं पान होतं. नाव, हुद्दा, आणि त्याखाली एक रिकामी चौकट: 'आपल्या खात्यासाठी पासवर्ड ठेवा.' मी कपाळावर हात मारून घेतला. घाईत असलेला माणूस अशा चौकटीत काय भरेल? बोटांना जो पाठ आहे तोच. सगळ्यांनी आपापल्या कुलपाची किल्ली स्वतःच्या हाताने त्या भामट्याला नेऊन दिली होती. आता तो तीच किल्ली व्यासपीठावर मिरवत होता आणि लोक त्याला अंतर्ज्ञान म्हणत होते.

सकाळी कुलसचिवांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, सगळ्यांचे पासवर्ड आत्ता रद्द करू द्या. ज्याने त्याने नवे घ्यावेत."

"निकालाच्या धामधुमीत?" ते म्हणाले. "अख्खं विद्यापीठ माझ्या दारात येऊन उभं राहील. आणि मनकवडे सर कुलगुरूंचे पाहुणे आहेत. पुरावा आहे का तुमच्याकडे?"

पुरावा मिळवायचं मी ठरवलं. ज्यांची संधी हुकली होती त्यांच्यासाठी मनकवड्याचा आणखी एक कार्यक्रम होणार होता. मी नोंदणी केली आणि त्या चौकटीत एक शब्द भरला. तो मी आयुष्यात कुठल्याही कुलपाला लावलेला नव्हता.

पुन्हा तेच सभागृह, तीच खेचाखेच. ताईही पुढच्या रांगेत येऊन बसली होती. माझा पुकारा झाला. मनकवड्याने माझा हात धरला. त्याचा तळवा घामेजलेला होता. शिष्य लॅपटॉपवर वाकून ओठ हलवत होता.

"बालपण दिसतंय तुमचं," मनकवडा गदगदून म्हणाला. "अंगण आहे. डोळ्यांवर रुमाल बांधलाय... आंधळी कोशिंबीर!"

टाळ्या पडल्या. मी माईक हातात घेतला.

"शब्द बरोबर आहे," मी म्हणालो. टाळ्या आणखी वाढल्या. त्या ओसरेपर्यंत थांबलो. "फक्त तो माझा पासवर्ड नाही. मी तो एकाच ठिकाणी लिहिलाय, यांच्या नोंदणीच्या पानावर. तिथे तुम्ही प्रत्येकाने तुमचा खरा पासवर्ड लिहून दिलात. हे शिष्य तो लॅपटॉपवर वाचतात आणि हळूच बोलतात. सरांनी केस जरा मागे घ्यावेत, कानात काय आहे ते दिसेल. आणि खरंच मन वाचता येत असेल, तर मी आज सकाळी संगणकाला जो शब्द दिला, तो सांगा. आत्ता. सगळ्यांसमोर."

मनकवड्याने माझा हात सोडला. "तुमच्या मनावर संशयाची काजळी चढलीय. काजळीतून मला दिसत नाही."

"मग आंधळी कोशिंबीर कशी दिसली?"

शिष्याने लॅपटॉप मिटला. मनकवड्याने हात जोडले, ध्यानाची वेळ झाली असं काहीसं पुटपुटला आणि दोघे मागच्या दाराने निघून गेले. केसांना हात काही त्याने लावला नाही.

मला वाटलं, आता लोक चिडतील. चिडले. माझ्यावर.

"पाहुण्यांना असं बोलतात?" कुलसचिव म्हणाले.

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका उठल्या. "मला एक कळत नाही. तुम्ही तो शब्द लिहिलात, तेव्हा मनात आणलातच ना? मग त्यांनी तोच वाचला. यात फसवणूक कुठे आली?"

लोकांनी माना डोलावल्या. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडून हे ऐकल्यावर मी माईक खाली ठेवला.

तरी दोघे असे निघून गेल्याचं पाहून कुलसचिव चपापले असावेत. दुपारी त्यांनी मला खाती तपासायची परवानगी दिली. उशीर झाला होता. ताईच्या खात्यात मनकवड्याच्या पहिल्या कार्यक्रमानंतर बाहेरून कोणीतरी शिरलं होतं. ताई खिडकीशी उभी राहून विद्यार्थ्यांना उत्तरं देत असताना तिच्याच नावाने गुण बदलले जात होते. नापास मुलं पास झाली होती. गुणवत्ता यादीतली काही खाली घसरली होती. खाडाखोड नाही, कुलूप तोडणं नाही. किल्लीने दार उघडून, पायपुसण्याला पाय पुसून आत यावं तसा चोर आला होता.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष म्हणून नेमले गेले पदार्थविज्ञान विभागप्रमुख. मी सगळं मांडलं: नोंदणीचं पान, माझा प्रयोग, बाहेरून झालेली घुसखोरी. ते टेबलावर बोटं वाजवत ऐकत राहिले.

"मनकवड्यांचा विषय इथे नको," ते म्हणाले. "कार्यक्रमाला सगळेच होते. सगळ्यांवर ठपका ठेवायचा का? बाई, पासवर्ड तुमचा होता ना?"

"हो," ताई म्हणाली.

"मग जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"ताई!" मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिला निलंबित केलं आणि पुढे नोकरीही गेली. बदललेले गुण सापडले तेवढे दुरुस्त झाले. सापडले तेवढेच. हातातून प्रवेश गेलेली एक मुलगी वडिलांबरोबर माझ्या केंद्रात आली होती. कुठे दाद मागायची, असं विचारत होती. मी तिला तक्रार विभागाचा खोली क्रमांक सांगितला. तिथे कोणी ऐकून घेणार नाही हे मला ठाऊक होतं.

समितीच्या निर्णयानंतर मी ताईकडे गेलो. वेबसाइट, चौकट, कानातलं यंत्र, सगळं तिला पुन्हा नीट समजावायचं, असं ठरवून गेलो होतो. तिने मला मधेच थांबवलं.

"मला त्या दिवशीच कळलं होतं. तू आंधळी कोशिंबीर म्हणालास ना, तेव्हाच. मी काही अडाणी नाही."

"मग समितीपुढे बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझी पोरगी आलीच नव्हती, हे माझ्या तोंडाने सांगू?" ती खिडकीकडे वळली. "मधले ते थोडे दिवस मी फार सुखात होते रे. तू खरं तेच केलंस. मी तुला दोष देत नाही. पण आता तू जा. मला कोणाशी बोलावंसं वाटत नाहीये."

मेव्हणे दारापर्यंत आले. माझ्या मागे त्यांनी आवाज न करता दार लावलं.

मनकवडा आता दुसऱ्या नावाने दुसऱ्या शहरांत कार्यक्रम करतो. पोलिसांकडे तक्रार दिलीय, ती कुठल्या तरी टेबलावर असेल. आमच्याकडे मी सक्तीने सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. त्यातल्या कितीतरी जणांनी जुन्या शब्दापुढे फक्त एक आकडा वाढवला. 'कवच गळायला नको' म्हणून, असं एकाने मला तोंडावर सांगितलं.

म्हणून हे लिहितोय. कोणी ऐकेल अशी फारशी आशा न ठेवता लिहितोय. परक्या माणसाने तुमच्या मनातली गोष्ट सांगितली, तर त्याच्या पाया पडण्याआधी जरा आठवा, ही गोष्ट आपण कुठे लिहिली, कुठे बोललो? अंतर्ज्ञान म्हणून काही नसतं. कोणीतरी सांगितलेलं असतं, आणि बहुतेक वेळा आपणच. प्रत्येक कुलपाला वेगळी किल्ली ठेवा. ती कोणालाही दाखवू नका. हरवल्याची शंका आली तर त्याच घटकेला बदला. जी माणसं गेली ती कोणाच्याही तळहातातून परत येत नाहीत. ती येतात असं सांगणारा तुमच्याकडून काहीतरी घेऊन जाणार असतो. काय नेलं ते कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.