ढमीच्या चौथ्या पोटात

मी एक जुना जंत आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. झाडाने, छत्रीने, फुटक्या पाटीने आपापलं रडगाणं गायलं, तेव्हा तुम्ही गप्प बसून ऐकलंत. मग माझंही ऐका.

माझा जन्म तळ्याकाठच्या शेणात झाला. दवाने गवत भिजलं की आम्ही भावंडं पात्यावर चढून बसायचो आणि कुणीतरी खाईल म्हणून वाट पाहायचो. खाल्लं जावं म्हणून झुरणारा दुसरा प्राणी आढळला, तर मला कळवा.

मला ढमीने खाल्लं. ढमी ही गवळ्याची कालवड. तिची आई मेली, तेव्हा गवळ्याच्या बायकोने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं. नाव ढमी, पण अंगाने काडी. ती का सुकते, हे त्या माउलीला कळेना. म्हणून ती रोज पहाटे, बाकीची गुरं सुटायच्या आत, ढमीला तळ्याकाठी न्यायची. तिथलं गवत सगळ्यांत ओलं, सगळ्यांत लुसलुशीत.

"खा गं बाई, पोटभर खा."

ढमी खायची. घासाघासाला माझे नातेवाईक मुक्कामाला यायचे. तिच्या पोटाच्या चौथ्या कप्प्याला चिकटून आम्ही रक्त प्यायचो. आम्हाला दुसरं काही येतच नाही.

मग ढमीच्या जबड्याखाली पिशवीसारखी सूज आली.

"अहो, बघा तरी! गाल भरले हिचे!"

"भरणारच," गवळी म्हणाला. "सगळं कोवळं हिलाच चारतेस. मला कधी इतक्या प्रेमाने वाढलंस?"

"तुम्हाला चरायला सोडायचंच काय ते बाकी आहे!"

दोघं पोट धरून हसली. डॉक्टरला बोलवायचं ठरलं होतं, तेही राहिलं. रक्त आटल्यावर तिथे पाणी साठतं, हे मला ठाऊक होतं. पण पोटातल्याचं ऐकतो कोण?

शेवटी डॉक्टर आला, तेव्हा ढमी आडवी पडली होती. त्याने तिची पापणी उलटली. आत लाली नव्हती, कागदासारखं पांढरं होतं.

"वहिनी, जंत झालेत. चरायला कुठे नेत होता?"

"तळ्याकाठी. पहाटे. मीच नेत होते."

"दवातच असतात ते. ऊन चढल्यावर सोडायचं असतं." त्याने पिशवीतून बाटली काढली. "औषध देतो. पण उशीर झालाय."

औषध चांगलं होतं. माझी भावंडं भराभर गळून पडली. ढमी मात्र उठली नाही. बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे, मान थोपटते आहे. घर गार पडत चाललंय. आता मीही फार वेळ बोलणार नाही.

मित्रांनो, जनावरावर माया करा, पण अधूनमधून त्याची पापणी उलटून बघत जा. नुसत्या मायेने आम्ही मरत नाही.