फूल नको म्हणून कॉफी

मित्रांनो, मी सेंटची एक जुनी बाटली आहे. जुनी म्हणजे दीडच वर्षाची. पण न वापरलेल्या वस्तू लवकर म्हाताऱ्या होतात.

माझ्या पोटात कॉफीचा वास आहे. शिरूरला नवनाथच्या दुकानात मी फळीवर असायचे, शेजारी मोगऱ्याची बाटली. बरा आहे, चालेल, असं आम्हा दोघींना कुणी कधी म्हणालं नाही. मला हुंगून कुणाचं मनगट नाकापासून हलत नसे, तर कुणी म्हणे, "ह्ये काय, करपल्यावानी!" मोगऱ्यानं कुणी हरखे, कुणाचं डोकं उठे.

एके दिवशी वडगाव रासाईहून झुंबरबाई आल्या. सोबत लेक अपेक्षा. महिन्यावर तिचं लग्न होतं. थोरल्या जाऊबाई रंगुबाईही खरेदीला आलेल्या, त्या पलीकडं बांगड्या बघत होत्या.

"आई, माझ्या लग्नात तू सेंट लावायचा. कुठला आवडंल त्यो घे," अपेक्षा म्हणाली.

नवनाथनं दोन कागदी पट्ट्यांवर आम्हाला शिंपडलं. झुंबरबाईंनी मला हुंगलं आणि नाक मुरडलं. मग मोगरा हुंगला आणि डोळे मिटले. किती वेळ मिटले म्हणून सांगू! त्यांचे यजमान मारुतराव गेले त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून झुंबरबाईंनी केसांत फूल माळलं नव्हतं.

रंगुबाई वळल्या. "अगं बया, झुंबर! तुला आता फुलाचा वास कशाला? मांडवात लोक काय म्हणतील?"

झुंबरबाईंनी डोळे उघडले. "न्हाई वो अक्का, नुसतं बघत व्हते." पट्टी खाली ठेवून त्या नवनाथला म्हणाल्या, "कॉफीचाच दे बाबा. ह्यात फूल न्हाई."

"आई, पण तुला तर त्यो..."

"दे म्हणलं ना."

मला निवडलं म्हणून मी केवढी फुगले! पिशवीत जाताना मोगऱ्याकडं बघून हसलेसुद्धा. त्याची आता शरम वाटते.

लग्नाच्या दिवशी झुंबरबाईंनी मला दोनदा फवारलं, पिशवीत टाकलं आणि मांडवात पुढच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. लगेच रंगुबाईंचं नाक हललं.

"काय गं झुंबर, चुलीपासनं उठून आलीस व्हय? करपल्याचा वास मारतोय!"

बाया हसल्या. झुंबरबाईही हसल्या. "व्हय अक्का, माझं काम तिथंच हाय," म्हणाल्या आणि उठून आचाऱ्यांकडं गेल्या. मंगलाष्टकं त्यांनी भाताच्या पातेल्याआडून ऐकली. मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या.

अपेक्षा आता दौंडला नांदते. फोनवर विचारते, "आई, सेंट लावतीस का?"

"लावते की, रोज."

मी कपाटात साड्यांच्या मागं असते. तिथून सगळं ऐकू येतं.

मित्रांनो, आईसाठी काही घ्यायला गेलात तर तिला विचारा, आणि तिचं बोलून होईपर्यंत मध्ये कुणाला तोंड घालू देऊ नका. ती मोगरा म्हणाली तर मोगराच घ्या. मला वाईट वाटणार नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटेल. पण तेवढं फळीवर बसून सोसता येतं.